ओबोवालीच्या हातात झांजा

मंडळाच्या गेल्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभी होते, तेव्हा निदान तिघीजणींनी विचारलं, "काय हो, तुमची मुलगी अजून ते काळं लांबुळकं वाद्य वाजवते का?" मी म्हटलं, "वाजवते ना. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर झांजा वाजवते." त्यावर प्रत्येकीच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते माझ्या चांगल्याच ओळखीचे होते. दीड वर्षापूर्वी आरशात तेच पाहिले होते. रांगेत उभ्या उभ्या सगळं सांगणं शक्य नव्हतं, शिवाय पुढे मोदक संपत आले होते. म्हणून संपादकांनी "काहीतरी लिहा" असा आग्रह केला तेव्हा ठरवलं की हेच लिहावं. ज्यांची मुलं एक-दोन वर्षांत हायस्कुलात जातील त्यांना यातून चार उपयोगाच्या गोष्टी मिळतील. आणि माझ्या हातून जी चूक झाली ती वाचून तुम्ही सावध झालात तर बरंच.

आधी ओबोबद्दल सांगते, कारण आमच्या घरात तो आला तेव्हा आम्हालाही ते नाव माहीत नव्हतं. इथे ओहायोत आमच्या गावच्या शाळेत सहावीत बँडसाठी वाद्य निवडायचं असतं. सगळ्या मुलांना ट्रम्पेट, सॅक्सोफोन नाहीतर ड्रम हवा होता. शाळेच्या कपाटात एक ओबो धूळ खात पडला होता आणि बँडच्या सरांना तो वाजवणारं कोणी मिळेना. आमची मुलगी पियानोच्या दोन इयत्ता शिकलेली, नोटेशन वाचता येणारी आणि मुख्य म्हणजे 'नाही' म्हणायला लाजणारी. तिच्या हातात ओबो आला. पहिल्या दिवशी घरी येऊन तिने फुंकला तेव्हा माझे यजमान गॅरेजमधून धावत आले, त्यांना वाटलं काहीतरी घरात शिरलं. प्रोकोफिएव्हने १९३६ साली मुलांसाठी 'पीटर अँड द वुल्फ' रचलं, त्यात बदकाचं काम ओबोला दिलं आहे. ते उगाच नाही हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पण सहा-आठ महिन्यांत त्या बदकाचा सूर झाला. एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, वरून ओबोचा आवाज येत होता, आणि एकदम सांगलीला मामाच्या लग्नाच्या मांडवात उभी असल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की हे वाद्य आपल्या सनईचंच चुलत भावंड आहे. दोघांनाही तोंडाशी वेतासारख्या गवताच्या दोन पातळ पात्यांची जीभ असते, दोघांचीही नळी खालच्या टोकाकडे रुंद होत जाते. सनईच्या जातीचं वाद्य मध्ययुगात पश्चिम आशियातून युरोपात गेलं, त्याला तिकडे शॉम म्हणत, आणि सतराव्या शतकात फ्रान्समधल्या कारागिरांनी त्याला घरात वाजवण्याजोगं मऊ केलं. तोच ओबो. ऑर्केस्ट्रा सुरू व्हायच्या आधी सगळे वादक ज्या एका सुराला आपापली वाद्यं लावून घेतात तो सूर ओबो देतो. आपल्याकडे तंबोरा जे काम करतो तेच म्हणा.

लाडही तसेच. ती दुहेरी पात्यांची रीड वीस डॉलरच्या आसपास पडते आणि नीट जपली तर दोन-तीन आठवडे टिकते. वाजवण्यापूर्वी ती पाण्यात भिजवावी लागते. त्यासाठी आमच्या मुलीकडे जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची छोटी डबी आहे, तिच्या ओबोच्या बाईंनी दिलेली. ते गवत बहुतेक दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातून येतं. दुधाची पिशवी विसरली तर चालते, पण रीडची डबी विसरली की आमच्याकडे आकांत.

तर आठवीच्या वसंतात हायस्कुलातून पत्र आलं. नववीपासून ज्यांना हिवाळ्यातल्या बँडमध्ये बसायचं आहे त्या सगळ्यांनी शरद ऋतूत मार्चिंग बँडमध्ये असलंच पाहिजे. ज्यांना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना असतो, मध्यंतरात शे-दीडशे मुलं गणवेश घालून, वाद्यं वाजवत मैदानावर आकृत्या करतात. आकृत्यांची ही प्रथा जुनी आहे. पर्ड्यूच्या बँडने १९०७ साली मैदानावर 'पी' अक्षर उभं केलं होतं. आपल्या मंडळात पर्ड्यूचे तीन-चार इंजिनियर आहेत, ही गोष्ट ते अभिमानाने सांगतील.

पत्राच्या खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'ओबो आणि बसून वाजवणाऱ्यांनी दुसरं वाद्य निवडावं.' बसून, म्हणजे बसून घेणारा बसून नव्हे. तेही एक वाद्य आहे, ओबोचं धिप्पाड भावंड. आमच्या घरी त्यावरून एक दिवस बराच घोळ झाला.

ओबो मैदानावर का चालत नाही हे बँडच्या सरांनी पालकसभेत समजावून सांगितलं. एक म्हणजे चांगला ओबो ग्रेनाडिला नावाच्या आफ्रिकी लाकडाचा असतो. थंडी-ऊन-पावसात ते लाकूड तडकतं, आणि एकदा तडकला की हजारो डॉलरचं वाद्य दुरुस्तीला जातं. प्लॅस्टिकचे ओबो मिळतात, पण रीडचं काय? ती वाऱ्याने मिनिटात वाळते. शिवाय चालताना पाय अडखळला, शेजारच्याचा धक्का लागला, तर ओठांत धरलेली ती रीड फुटेल, नाहीतर तोंडाला इजा होईल. आणि एवढं करून त्याचा आवाज उघड्या मैदानावर तिसऱ्या पायरीपर्यंतही पोचत नाही.

मी नंतर लायब्ररीतून एक पुस्तक आणलं, त्यात मजेशीर गोष्ट सापडली. एके काळी ओबोच फौजेबरोबर चालायचा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या पलटणींत ओबोवाले असत, आणि १७४९ साली लंडनच्या ग्रीन पार्कात दारूकामाच्या सोहळ्यासाठी हँडेलने जे संगीत रचलं त्यात चोवीस ओबो होते. चोवीस! आमच्या मुलीला हे सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली. तेव्हा मला त्या गप्प बसण्याचा अर्थ कळला नाही. तो पुढे सांगते.

फॉर्ममध्ये पसंतीचे तीन रकाने होते. आम्ही दोघं नवरा-बायको त्या फॉर्मवर अशी चर्चा करायला बसलो की जणू घर विकत घेतोय. फ्लूट: बोटं ओबोशी बरीच जुळतात, वजन नाही, रीडचा खर्च नाही. पण फुंकण्याची तऱ्हा उलटी. ओबोला हवा अगदी थोडी लागते, पण दाबून द्यावी लागते, वादक गुदमरतो तो हवा कमी पडून नव्हे तर आत उरून. फ्लूटला भसाभस हवा लागते. क्लॅरिनेट: तिची नळी सरळ असल्यामुळे खालच्या आणि वरच्या सप्तकातली बोटं एकसारखी नसतात, ओबोवाल्याला सारखी चूक होते. सॅक्सोफोन: बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं ते लष्करी बँड डोळ्यांपुढे ठेवूनच, आवाज मोठा, बोटं ओबोसारखी. त्यामुळे बरीच ओबोवाली मुलं तिकडे जातात. पण ओबोला दोन्ही ओठ दातांवर दुमडून रीड धरायची असते आणि सॅक्सोफोनला तोंड जरा सैल लागतं. ओबोच्या बाई म्हणाल्या, "तीन महिने सैल तोंडाने वाजवलंस तर नोव्हेंबरात माझ्याकडे रडत येशील." मेलोफोन हे पितळी वाद्य, त्यात ओठच थरथरवायचे, म्हणजे सगळं पहिल्यापासून. मग मैदानाच्या कडेला उभं राहून वाजवायची मारिंबा, झायलोफोनसारखी वाद्यं. पियानो येणाऱ्यांना ती सोपी जातात, चालावंही लागत नाही. आणि शेवटी ड्रम, झांजा आणि झेंडे.

या शेवटच्या ओळीकडे आम्ही पाहिलंसुद्धा नाही. माझ्या मनात फ्लूट पक्का झाला होता. सुबक वाद्य, मुलींना शोभतं, कॉलेजच्या अर्जात लिहिता येतं, आणि मंडळाच्या कार्यक्रमात बासरी म्हणूनही खपून जातं. मुलगी म्हणाली, "मी विचार करते." गुरुवार उजाडला, फॉर्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोराच. शुक्रवार शेवटची तारीख. रात्री ती झोपल्यावर मी तिन्ही रकान्यांत फ्लूट लिहिलं, खाली पालकांची सही केली, पाकीट तिच्या दप्तरात घातलं. सकाळी घाईत म्हटलं, "बँडचं पाकीट आठवणीने दे गं." तिने पाकीट न उघडताच दिलं. तिला वाटलं ते बूस्टर्सच्या वर्गणीचं असेल.

दोन आठवड्यांनी बँडच्या खोलीबाहेर यादी लागली. ती घरी आली आणि दप्तर न उतरवताच विचारलं, "आई, फॉर्म तू भरलास?" मी म्हटलं, "अगं, तारीख संपत होती, तुझ्या भल्यासाठीच..." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तीन दिवस ती माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलली.

तिसऱ्या दिवशी रात्री मी तिच्या खोलीत जाऊन बसले. बऱ्याच वेळाने तिने अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. बँडमध्ये तीन वर्षं तिच्या शेजारी तिच्यासारखं कोणीही नव्हतं. वाद्यांप्रमाणे गट पाडून सराव असतो तेव्हा चौदा क्लॅरिनेटवाल्या एका खोलीत जातात, हसतात, एकमेकींच्या चुका काढतात, बाहेर येताना पिझ्झा कुठे खायचा ते ठरवतात. ही ओबो घेऊन खुर्च्या ठेवायच्या अडगळीच्या खोलीत एकटी. सर येऊन म्हणतात, "तू छान करतेस," आणि जातात. म्हणूनच ते हँडेलचे चोवीस ओबो ऐकून ती गप्प झाली होती.

"फ्लूटमध्ये बारा मुली आहेत," ती म्हणाली. "सगळ्या तीन वर्षं वाजवतायत. मी सगळ्यात शेवटची. त्यांना मी नकोच आहे. झांजांना चारजण घेतात आणि चौघांनाही आधी काही येत नसतं. एक ट्रॉम्बोनवाला आहे, त्याच्या दातांना ब्रेसेस लावल्यात. एक बसूनवाली आहे. आम्ही चौघं एकदम शिकू. मला एकदा तरी रांगेत उभं राहायचंय."

मी तोंडाने "बरं" म्हटलं, पण खरं सांगते, मनात पहिला विचार आला तो हाच की तीन वर्षं रीडांवर पैसे घातले, आठवड्याला शिकवणी, आणि आता झांजा? आरतीला कोणीही वाजवतं! लोकांना काय सांगायचं?

त्या रात्री मला झोप आली नाही. मी सांगलीला हायस्कुलात नऊ वर्षं गणित शिकवलं. लग्नानंतर इथे आले तेव्हा ती पदवी आणि तो अनुभव कोणाच्या उपयोगाचा नव्हता. आमच्या एका परिचितांनी माझ्यासाठी परस्पर डे-केअरमध्ये शब्द टाकला, "वहिनींना मुलांची आवड आहे, हे काम त्यांना शोभेल." काम वाईट नव्हतं, माणसंही चांगली होती. पण मला कोणी विचारलं नव्हतं. पुढे मी रात्रीचे वर्ग करून हिशेबनिसाचं काम धरलं, ते आकड्यांचं होतं आणि ते मी निवडलं होतं. त्या दोन नोकऱ्यांतला फरक पगाराचा नव्हता हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. तरीही मुलीचा फॉर्म भरताना माझा हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून लवकर निघून मी बँडच्या सरांना भेटले. सांगितलं, फॉर्म मी भरला, तिने नाही, चूक माझी. सर हसले नाहीत की रागावलेही नाहीत. म्हणाले, "तालवाद्यांची चाचणी मे महिन्यात, बारा दिवसांनी आहे. पास झाली तर झांजा, नाही झाली तर फ्लूट." म्हणजे आता बारा दिवस.

इथे नानांना कथेत आणायला हवं. नाना म्हणजे माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर, मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी आले होते. सातारा जिल्ह्यातलं गाव, गावच्या भजनात चाळीस वर्षं टाळकरी, आणि पंढरीची वारी जवळजवळ दरवर्षी. इथे त्यांचा दिवस जाता जात नसे. ना बोलायला कोणी, ना चालत जाण्याजोगं काही. नातीचं आणि त्यांचं नातं गोड होतं पण बोलणं तुटक, तिचं मराठी घरातल्या पाच-पन्नास वाक्यांपुरतं.

घरातली चर्चा त्यांच्या कानावर होतीच. त्यांनी मला विचारलं, "झांजा म्हणजे टाळच ना?" मी म्हटलं, "मोठे असतात, नाना. परातीएवढे." ते आत गेले आणि बॅगेतून पंचात गुंडाळलेले आपले टाळ घेऊन आले. विमानातून टाळ आणल्याचं आम्हाला माहीतच नव्हतं.

मग बारा दिवस आमच्या ड्राइव्हवेवर जे चाललं ते शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिलं. मार्चिंगचा नियम असा की पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच. पावलाची लांबी बदलायची नाही, हात वेगळंच काही करत असला तरी. माझ्या यजमानांनी खडूने रेघा मारल्या. मुलीने फोनवर टकटक लावली, मिनिटाला एकशेवीस. ती मोजायची एक ते आठ, आणि हात वाजवायला लागले की पाय चुकायचे, पाय सांभाळले की हात. नाना ओट्यावर बसून पाहत होते. तिसऱ्या दिवशी उठले, तिच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "मोजू नको पोरी. मोजत बसलं की चुकतं. तोंडात नाव धर." आणि त्यांनी ज्ञानोबा-तुकारामचा गजर धरला, टाळ धरले आणि पावली खेळू लागले. दोन पावलं पुढे, एक मागे, वाकून, वळून. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आणि तेरा वर्षांची मुलगी, ओहायोतल्या ड्राइव्हवेवर. ती आधी लाजून रस्त्याकडे बघत होती. मग बघेनाशी झाली.

टाळ कसा मारायचा हेही त्यांनीच सांगितलं. "सपाट आपटला तर बोंबलतो, कड लावली तर बोलतो." पुढे ऑगस्टच्या शिबिरात शिकवणाऱ्यांनी नेमकं हेच सांगितलं. मोठ्या झांजा तंतोतंत एकमेकींवर बसल्या तर मधली हवा कोंडते, 'फुस्स' आवाज होतो आणि त्या चिकटून बसतात. म्हणून एक किंचित खाली ठेवून आधी कड भिडवायची. बाकीच्या तिघांना ते जमायला दोन दिवस लागले. आमची म्हणाली, "मला माझ्या आजोबांनी शिकवलंय."

चाचणीत ती पास झाली, चौघांत चौथी. यादी बघून घरी आली तेव्हा आधी नानांकडे गेली, मग माझ्याकडे. ते बरोबरच होतं.

ऑगस्टचं शिबिर म्हणजे काय असतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक. सकाळी आठपासून डांबरी पार्किंगवर, नव्वदच्या वर ऊन, प्रत्येकाकडे गॅलनभर पाण्याचा जग. तिच्या झांजांची जोडी मी घरच्या काट्यावर ठेवली तर साडेसात पौंड भरली. चामड्याच्या वाद्या मनगटाला गुंडाळून ती धरायची, छातीसमोर, हात ताठ, तास-तास. पहिल्या आठवड्यात खांदे इतके दुखले की वेणी घालायला मला बोलवायची. बोटांना घट्टे पडले. मी काही बोलले नाही. गरम पाण्याची पिशवी तेवढी देत राहिले.

पहिला सामना ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी होता. नाना पांढरी टोपी घालून बाकांवर बसले. फुटबॉल त्यांना कळला नाही, मलाही कळत नाही. "हे आडवे पडतात आणि मग मीटिंग घेतात," एवढंच म्हणाले. मध्यंतरात बँड मैदानात आला. मुलगी शोधायला आम्हाला वेळ लागला, सगळे सारखेच दिसत होते. मग चार झांजा एकदम वर गेल्या, दिव्यांचा प्रकाश चकाकला आणि एकच आवाज झाला, चारांचा एक. मी नानांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका धरत होता आणि डोळे भरले होते. "दिंडीच आहे की गं ही," म्हणाले. सप्टेंबरात ते परत गेले. जाताना टाळ इथेच ठेवून गेले.

सगळं गोड झालं असं नाही. मंडळाच्या मराठी शाळेच्या चार शनिवारी तिची दांडी झाली, ते बाईंनी सांभाळून घेतलं. झांजांचा आवाज कानांना घातक असतो. सरावाला कानात फोमची बोळी घालायला आम्ही जरा उशिराच लक्ष दिलं, तुम्ही पहिल्या दिवसापासून द्या. आणि ऑक्टोबरात एका सामन्यात ऐन मैदानावर तिच्या एका झांजेच्या वादीची गाठ सुटली. झांज गवतावर पडली. मी बाकावर उभीच राहिले. तिने थांबून ती उचलली नाही. रिकामा हात तसाच वर-खाली करत, पावलं न चुकवता शेवटपर्यंत चालत राहिली. बाकीच्या तिघांनी तिचे ठोके आपसात वाटून घेतले, ते तिने घरी येताना गाडीत सांगितलं. म्हणाली, "ओबोवर मी चुकले की सगळ्यांना ऐकू यायचं. आज कोणालाच कळलं नाही." आणि खूप हसली. सहावीपासून बँडबद्दल बोलताना तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

ओबोचं काय झालं, हा तुमचा प्रश्न असेल. झांजांना तोंड लागत नाही हा त्यांचा मोठा फायदा. ओठांना दुसरं वळण लागत नाही. मात्र सरावच नसेल तर ओठ ढिले पडतात. म्हणून आठवड्यातून तीनदा अर्धा तास नुसते लांब सूर धरायचे असं बाईंनी ठरवून दिलं होतं. कंटाळली तरी तिने ते केलं. नोव्हेंबरात पुन्हा बँडमध्ये ओबो घेऊन बसली तेव्हा पहिले आठ-दहा दिवस दम टिकत नव्हता. नंतर बाई म्हणाल्या की हिचा ताल सुधारलाय, आधी विराम आला की घाई करायची, आता थांबते. गटांच्या सरावाला ती अजूनही अडगळीच्या खोलीतच जाते, ओबो एकच आहे ना. पण बसूनवाली आता ओबोच्या खोलीत येऊन बसते. दोघी मिळून वाजवतात आणि पिझ्झा कुठे खायचा ते ठरवतात.

तर ज्यांच्या घरी असा फॉर्म येईल त्यांच्यासाठी चार शब्द. वाद्याच्या शिक्षकांना आधी विचारा की ओठांच्या दृष्टीने काय चालेल, प्रत्येकाचं मत वेगळं असू शकतं. आवाज आणि बोटांचा विचार केला तर सॅक्सोफोन ओबोवाल्याला सोयीचा. हलकं हवं तर फ्लूट. पियानो येत असेल तर मारिंबा. तोंड जपायचं तर तालवाद्यं किंवा झेंडे. घरचं लाकडी वाद्य मैदानावर नेऊ नका. शाळेचं वाद्य मिळतं का ते विचारा, बहुतेक मोठी वाद्यं शाळाच देते. आणि हे सगळं मुलांपुढे मांडून झालं की पेन त्यांच्या हातात द्या. तारीख उलटली तर उलटू दे, सर माणूसच असतात.

यंदा ती दहावीत आहे. फॉर्म पुन्हा आला होता. तिने तिन्ही रकान्यांत काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, सही तेवढी केली. मंडळाच्या येत्या गणपतीत आरतीला तिने नानांचे टाळ आणायचं कबूल केलंय. झांजांपेक्षा ते हलके आहेत, म्हणाली, पण अवघड.